ऑक्सिजन शेवटी

आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. मुलुंडच्या एका मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवताना ज्वलनाची समीकरणं आली की मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एवढंच लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसू देत नाही. विज्ञानाच्या पहिल्या भागातला हा तिसरा धडा, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’. मुलं इथे गांगरतात, कारण आकडे अंदाजानं बसवायचे असतात असं त्यांना वाटतं. तसं नसतं. प्रोपेन घ्या. एका रेणूत तीन कार्बन, आठ हायड्रोजन. तीन कार्बन जळले म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू झाले. आठ हायड्रोजन पाण्यात जोडीजोडीनं जातात, म्हणजे पाण्याचे चार रेणू. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजायचा : तीन दुणे सहा आणि चार, दहा. हवेतला ऑक्सिजनही जोडीनंच वावरतो, म्हणून डावीकडे त्याचे पाच रेणू. झालं.

ऑक्सिजन शेवटी का, हे मी मुलांनाच शोधायला लावते. कोणीतरी हमखास सांगतं : कार्बन उजवीकडे एकाच पदार्थात आहे, हायड्रोजनही एकाच पदार्थात, पण ऑक्सिजन दोन्हींत वाटला गेलाय. त्याला आधी हात लावला तर पुढच्या प्रत्येक पायरीला तो पुन्हा बिघडतो. डावीकडे मात्र तो सुटा आहे, इतर कोणाशी बांधलेला नाही. त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कोणाचाच बदलत नाही. म्हणून सगळ्यांचं ठरू द्यायचं आणि जे कमी पडेल ते त्याच्याकडून घ्यायचं.

मग ब्युटेन. चार कार्बन, दहा हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडचे चार, पाण्याचे पाच, ऑक्सिजनचे अणू तेरा. तेराचे रेणू किती? साडेसहा. वर्ग थांबतो. अर्धा रेणू कुठून आणायचा? मागून कोणीतरी ओरडतं, “बाई, सगळंच दुप्पट करा!” आणि सगळं दुप्पट होतं : ब्युटेनचे दोन, ऑक्सिजनचे तेरा, कार्बन डायऑक्साइडचे आठ, पाण्याचे दहा. एका वर्षी एका मुलीनं मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन अशी ओळीनं समीकरणं लिहून काढली आणि माझ्यासमोर वही धरली. कार्बन विषम असले की ऑक्सिजनचा आकडा पूर्ण येतो, सम असले की अर्धा उरतो. कार्बनच्या संख्येची तिप्पट, त्यात एक मिळवायचा आणि निम्मं करायचं, हे सूत्रही तिनंच काढलं होतं. मुलाला असं काही स्वतःचं स्वतः सापडतं तेव्हा त्याचा चेहरा कसा दिसतो, हे पाहण्यासाठी माणसानं शिक्षक व्हावं असं मला मनापासून वाटतं. मुंबईत मराठी शाळांचे वर्ग रोडावत चालले असताना तर जास्तच.

रीत बरोबर आहे आणि परीक्षेत ती कधी दगा देत नाही. पण या उपनगरांत राहून, इथल्या घरांत जाऊन-येऊन मला हळूहळू दिसत गेलं की फळ्यावर सोयीसाठी शेवटी ठेवलेला हा ऑक्सिजन आपण जगतानाही शेवटीच ठेवतो. इंधनाचा विचार करतो, शेगडीचा करतो, भावाचा तर करतोच. हवेचा करत नाही.

समीकरण संतुलित का करायचं, याचं उत्तर ज्यानं दिलं त्या लाव्हाझिएबद्दल मी थोडं सांगते. फ्रान्समधला हा माणूस पेशानं सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता. आलेली प्रत्येक दमडी कुठे गेली हे वहीत दिसलंच पाहिजे, ही त्याची रोजची शिस्त, आणि तोच जमाखर्च त्यानं प्रयोगशाळेत आणला. १७७४ च्या सुमारास त्यानं काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं. कथलाची राख झाली, पण भांड्यासकट वजन तेवढंच राहिलं. भांडं उघडलं तेव्हा हवा सूं करत आत शिरली आणि मग वजन वाढलं. म्हणजे जळताना वस्तूतून काही निघून जातं ही तेव्हाची समजूत खोटी होती; जळणारी वस्तू हवेतून काहीतरी घेत होती. त्या ‘काहीतरी’ला ऑक्सिजन हे नाव त्यानंच दिलं. १७९४ च्या ८ मे रोजी करवसुलीतल्या त्याच भागीदारीपायी त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. वर्गात हे सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात, मग कोणीतरी विचारतं, “पण बाई, हवा मोजायचं सुचलं कसं?” हा प्रश्न मला शिरच्छेदापेक्षा मोठा वाटतो.

आता हवा मोजूच. मुलुंड पूर्वेला, भांडुपला, घाटकोपरच्या पंतनगरच्या बाजूला अजून कितीतरी जुन्या चारमजली इमारतींना लिफ्ट नाही. गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढतो. लोखंडासकट वजन तीस किलोच्या आसपास, त्यातला गॅस १४.२ किलो. हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सोयीसाठी सगळं ब्युटेनच धरू. ब्युटेनच्या दोन रेणूंचं वजन ११६, ऑक्सिजनच्या तेरांचं ४१६. बेरीज ५३२. पलीकडे कार्बन डायऑक्साइडच्या आठांचं ३५२, पाण्याच्या दहांचं १८०. बेरीज पुन्हा ५३२. याच प्रमाणात १४.२ किलो गॅस जाळायला जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन लागतो. तो कोणी खांद्यावरून आणत नाही, त्याची पावती फाटत नाही, त्याला अनुदान नाही. तो खिडकीतून येतो. आणि नुसता येत नाही, नायट्रोजनला सोबत घेऊन येतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे २२० किलो हवा त्या स्वयंपाकघरात यावी लागते. अडीचशे चौरस फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली घेतली तर अशा जवळजवळ तीन खोल्यांतली सगळी हवा एका सिलिंडरमागे ऑक्सिजन गमावून बसते.

उजवी बाजू त्याहून अविश्वसनीय. ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. “सिलिंडरमधून बावीस लिटर पाणी?” मुलं हसतात. मग मी बर्नरच्या ज्योतीवर थंड पाण्यानं भरलेलं स्टीलचं पातेलं क्षणभर धरते. बुडाला धुकं धरतं. हात लावला तर बोटं ओली होतात. घरी रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना हेच होतं, पण पातेलं आपणच नीट पुसलं नसेल असं समजून आपण सोडून देतो. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यात जी बुरशी धरते तिला बाहेरचा पाऊस जबाबदार आहेच. पण खिडकी बंद ठेवून आपण आतही थोडा पाऊस पाडत असतो.

याच प्रयोगाचा दुसरा भाग कार्बनी संयुगांच्या धड्यात येतो. बन्सेन बर्नरच्या तळाशी एक छिद्र असतं, त्यावर फिरती कडी. छिद्र उघडं असलं की ज्योत निळी, आवाज करणारी. कडी फिरवून छिद्र झाकलं की तीच ज्योत पिवळी, मऊ, डोळ्यांना सुंदर, आणि वर धरलेलं पातेलं काळं. गॅस तोच, तेवढाच. बदललं ते एका बोटाएवढ्या फटीतून येणाऱ्या हवेचं माप. घरी दूध उतू जाऊन शेगडीच्या बर्नरची भोकं बुजली की भांडी काळी व्हायला लागतात ती याचमुळे. आया म्हणतात, या महिन्याचा गॅस खराब आला. गॅस चांगला असतो. त्याला हवा मिळत नसते.

इथे मी मुलांना पुस्तकाच्या थोडं बाहेर नेते. मिथेनची तीन समीकरणं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. पहिलं : मिथेनचा एक रेणू, ऑक्सिजनचे दोन, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन. दुसरं : मिथेनचे दोन, ऑक्सिजनचे फक्त तीन, त्यातून कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि पाण्याचे चार. तिसरं : मिथेनचा एक, ऑक्सिजनचा एकच, त्यातून नुसता कोळसा, म्हणजे काजळी, आणि पाण्याचे दोन. मग विचारते, यातलं चुकीचं कोणतं? मुलं मोजतात, पुन्हा मोजतात. तिन्ही बरोबर. तिन्ही संतुलित. डावीकडचा एकही अणू हरवलेला नाही. मिथेनमागे ऑक्सिजनचे दोन रेणू मिळाले तर स्वयंपाक होतो, दीडच मिळाला तर विष होतं, एकच मिळाला तर भिंत काळी होते. निसर्गाच्या वहीत तिन्हींची बेरीज जुळते. मधल्या समीकरणापाशी माणूस मेला काय आणि जगला काय, त्या वहीला त्याच्याशी कर्तव्य नाही. ते बघणं आपलं काम आहे.

मधलं समीकरण मी इतकं लावून धरते ते बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून बातमी येते : बाथरूमचं दार बराच वेळ उघडलं नाही म्हणून तोडलं, आत माणूस बेशुद्ध. अनेकदा तरुण माणसं, अनेकदा लहान मुलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि आपण दार उघडलं पाहिजे हे कळेपर्यंत कडीपर्यंत पोचण्याची ताकद उरत नाही.

उपनगरांतली आपली घरं या समीकरणासाठी जणू मुद्दाम बांधल्यासारखी आहेत. अंधेरी असो, बोरिवली असो, एक खोली वाढवण्यासाठी गॅलरी आत घेतलेली. डासांसाठी जाळी, चोरांसाठी ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुन्या बादल्या. बाथरूमला बाहेरची भिंत नाही, एक अरुंद डक्ट, त्यात साऱ्या इमारतीचे पाइप. झडपेच्या काचा शेजारच्यांना दिसू नये म्हणून कागद लावून बंद केलेल्या. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकाला कबुतरं येतात म्हणून पुठ्ठा. यातली प्रत्येक गोष्ट शहाण्या माणसानं शहाणपणाच्या कारणासाठी केलेली आहे. सगळ्या मिळून डावीकडचा दोनचा आकडा दीडवर आणतात.

घराबाहेरही हाच हिशेब आहे. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालतात. वांद्रे आणि सायनच्या पलीकडे, दक्षिणेला, त्यांना परवानगी नाही. म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या टू-स्ट्रोक रिक्षांच्या निळ्या-पांढऱ्या धुराचे खरे धनी आपणच होतो. स्टेशनबाहेर रांगेत उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. हवेच्या प्रश्नावर स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम हा रहिवाशांचा मंच १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला, न्यायालयानं परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २००१ मध्ये जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनाची अट घातली. सीएनजी पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ साली निघाली होती. रिक्षांवर सीएनजी अशी अक्षरं दिसू लागली ती त्यानंतर. सीएनजी म्हणजे दाबून भरलेला मिथेन. तो स्वच्छ जळतो याचं कारण त्याच्या रेणूतच आहे : एकच कार्बन, चारी बाजूंनी हायड्रोजन. कार्बनला कार्बनचा शेजारच नाही, त्यामुळे काजळीचा सांगाडा उभा राहायला आधार मिळत नाही. पेट्रोलमध्ये आठ-आठ कार्बनच्या साखळ्या असतात. तरी सीएनजीचं इंजिनही निर्दोष नाही. समीकरणात आपण जो नायट्रोजन लिहीतच नाही, ऑक्सिजनच्या दोन रेणूंमागे साडेसातच्या आसपास, तो इंजिनातल्या भयंकर उष्णतेत गप्प बसत नाही. त्याचे स्वतःचे ऑक्साइड होतात. पुस्तकातली ज्वलनाची समीकरणं शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळतात, आपण हवेत जाळतो. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत तरी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि काही ज्वलनांची डावी बाजू लिहिताच येत नाही. २८ जानेवारी २०१६ ला देवनारच्या कचराभूमीला आग लागली. १९२७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडतोय. आतल्या थरांना हवा मिळत नाही, तिथले जिवाणू ओल्या कचऱ्याचा मिथेन करतात आणि तो वर झिरपत राहतो. आग पेटली की ती विझता विझत नाही. धूर इतका होता की आजूबाजूच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि तो उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. चेंबूर, गोवंडीबरोबर घाटकोपरपर्यंतचे लोक खोकत होते. तेव्हा वर्गात एकानं विचारलं होतं, “बाई, याचं समीकरण लिहा ना.” काय लिहिणार? प्लास्टिक, रबर, कापड, भाज्यांची सालं, रंग, औषधं. कशाचं रेणुसूत्र घ्यायचं? तिथे ऑक्सिजन वरच्या थराला थोडा आणि खालच्या थराला नाहीच, म्हणून फळ्यावरची तिन्ही समीकरणं एकाच ढिगात एकाच वेळी चालतात. आम्ही फक्त उजवी बाजू लिहिली, जेवढी आम्हाला नाकानं कळली होती तेवढी. मुलुंडच्या मुलांसाठी हे नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हतंच. २०१८ मध्ये मुलुंडची कचराभूमी बंद होईपर्यंत वारा हरिओम नगरकडून वाहू लागला की आम्ही वर्गाच्या खिडक्या लावून घेत असू.

याच मिथेनची दुसरी गोष्ट बोरिवलीची आहे, आणि ती मला फार आवडते. बोरिवली पश्चिमेला गोराईच्या खाडीकाठी, खारफुटीला लागून, १९७२ पासून कचरा पडत होता. सुमारे २० हेक्टर जागेवर २३ लाख टनांच्या आसपास कचरा साठला. २००७ मध्ये तो थांबवला गेला. मग त्या डोंगराला उतार दिला, वर माती आणि प्लास्टिकचा थर अंथरला, हिरवळ लावली, आणि पोटात विहिरींसारखे उभे पाइप रोवून आत तयार होणारा गॅस ओढून घ्यायला सुरुवात केली. त्या गॅसचं काय केलं? जाळला. तोटीच्या तोंडाशी ज्योत लावून, भरपूर हवा देऊन, मुद्दाम जाळला. क्योटो कराराखालच्या कार्बन क्रेडिटच्या व्यवस्थेत हा प्रकल्प नोंदवलेला होता.

मुलांना हे उलटं वाटतं. जाळणं वाईट असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. इथे समीकरण कामाला येतं. मिथेनचा रेणू १६ वजनाचा, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो ४४ वजनाचा. म्हणजे एक टन मिथेन जाळला की पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड. वाढलाच की! पण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. न जाळता सोडलेला एक टन म्हणजे अठ्ठावीस टनांचा ताप, जाळलेला म्हणजे पावणेतीन टनांचा. दहावा हिस्सा. देवनारला लागलेली आग आणि गोराईला लावलेली आग, पेटणारा वायू एकच. एकीकडे हवेचं माप कोणाच्याच हातात नव्हतं, दुसरीकडे ते कोणीतरी मोजून दिलं होतं.

आपल्या घरात पाइपनं येणारा गॅसही मिथेनच, त्यातला बराचसा समुद्राखालचा. १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजानं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर भर समुद्रात तेल शोधलं, दोन वर्षांत उत्पादन सुरू झालं. तिथला गॅस समुद्रतळावरच्या नळांनी उरणला येतो. त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांनी हवेतून घेतलेला होता, सूर्याच्या उजेडात, ऑक्सिजन सोडत, म्हणजे आपलंच समीकरण उलट्या दिशेनं चालवत. फळ्यावरच्या बाणाला वेळ नसतो. डावी बाजू तयार व्हायला किती युगं लागली आणि उजवी बाजू दूध तापेपर्यंत कशी होऊन जाते, हे बाण सांगत नाही. अणू जुळतात, काळ जुळत नाही. वातावरण तापण्याचं सगळं दुखणं या न जुळणाऱ्या काळात आहे असं मी मानते, आणि दहावीच्या मुलांना ते नीट कळतं. त्यांना कळणार नाही असं मोठ्यांनीच ठरवलेलं असतं.

या वर्षी मी एक नवा गृहपाठ दिला. ब्युटेनचं समीकरण सोडवून झाल्यावर घरी जायचं, जिथे जिथे काही जळतं तिथे हवा कुठून येते ते पाहायचं आणि लिहून आणायचं. देव्हारा, शेगडी, गीझर, जिन्याखालचा धोब्याचा कोळशाच्या इस्त्रीचा गाडा, काहीही. काही पालकांचा निरोप आला की परीक्षेला हे येत नाही, मुलांचा वेळ जातो. त्यांची काळजी मला समजते. बोर्डाच्या गुणांवर मुलांचं पुढचं सगळं अवलंबून असतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि तीन समीकरणं त्यांच्यासमोरही लिहिली. एक बाबा मधल्या समीकरणाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या घरी बाथरूमची झडप रंगकामात कायमची चिकटली होती.

मुलांनी आणलेल्या वह्यांमधून आम्ही वर्गात एक बाथरूम निवडली. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. साडेपाच घनमीटरच्या आतली जागा, त्यातला ऑक्सिजन दीड किलोच्या आसपास. गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण किलोभर गॅस. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत पाव किलो गॅस, आणि त्याला नऊशे ग्रॅम ऑक्सिजन. सगळं बंद असेल तर खोलीतला निम्म्याहून जास्त. ज्योत तोपर्यंत थांबत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ती दुसऱ्या समीकरणाकडे वळते.

“आणि बाई, आंघोळ करणारा माणूस किती घेतो?” पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. तोही जळतोच आहे, मी म्हटलं, फक्त हळू. लाव्हाझिएनंच गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवून, वितळलेलं पाणी मोजून हे दाखवलं होतं. आपलं इंधन ग्लुकोज : एका रेणूला ऑक्सिजनचे सहा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा. शांत उभा असलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. तिनं लगेच गीझरचा आकडा मिनिटावर आणि लिटरवर आणला. पंचेचाळीस. भागाकार फळ्यावर येऊन केला. त्या चार बाय सहाच्या खोलीत गीझर म्हणजे एकशे ऐंशी माणसं श्वास घेत उभी.

वर्गात एकदम गलका झाला. सकाळच्या लोकलच्या डब्यात किती माणसं असतात यावर दोन बाकांमध्ये वाद लागला. तेवढ्यात ज्या मुलाच्या घरची ती बाथरूम होती त्यानं उठून विचारलं, “बाई, गीझर काढून बाहेर पॅसेजच्या खिडकीपाशी लावायला किती खर्च येतो?” मला ते ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावरच्या एकाचे वडील प्लंबिंगचं काम करतात. तो सांगू लागला : पाइप किती फूट लागेल, भिंतीला भोक कुठे पाडायचं, गॅसच्या नळीची जोडणी मात्र कंपनीच्या माणसाकडूनच का करून घ्यायची. बाकीच्यांनी वह्या उघडल्या आणि लिहून घ्यायला सुरुवात केली.